शिदोरी की चोरी?

फराळाचे ताट पुढे असताना दारूचा विषय काढते आहे, याबद्दल वाचकांनी, विशेषतः वडीलधाऱ्यांनी, मला क्षमा करावी. पण हा विषय मी काढलेला नाही. तो आमच्या घरी फराळाच्या ताटावरच निघाला. २०२४ च्या दिवाळीत माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान अमेरिकेहून आठ दिवसांसाठी आले होते. पाडव्याच्या सकाळी ओटीवर पंधरा-वीस माणसे जमली होती. चकलीचा तुकडा मोडत पाहुण्यांनी सांगायला सुरुवात केली, की क्रूझवर, म्हणजे सहलीच्या आगबोटीवर, दारू फार महाग मिळते. तेव्हा शहाण्या माणसाने आपली आपण लपवून न्यावी आणि पैसे वाचवावेत. कशी लपवावी, हेही त्यांनी खुलवून सांगितले. ऐकणाऱ्यांत एक निवृत्त मामलेदार होते, एक डॉक्टर होते, दोन आज्या होत्या आणि सात-आठ मुले होती. कोणाच्याही कपाळाला आठी पडली नाही. उलट आमच्या थोरल्या काकूंनी विचारले, "किती वाचले हो?"

"सहज तीनशे डॉलर!"

मामलेदारांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, "वा! याला म्हणतात काटकसर!"

त्या शब्दाने माझ्या घशात लाडू अडकला. तो अजून खाली उतरलेला नाही, म्हणून हा लेख.

काटकसर म्हणजे काय, हे मला शब्दकोशात पाहावे लागले नाही. माझी आई निजानीज झाली की कंदिलाची वात खाली करी. थोरल्या भावाची पुस्तके पुठ्ठे चढवून माझ्याकडे येत, आणि माझ्याकडून धाकटीकडे जात. नारळाचा चव वाटून झाला की पाट्यावर पाणी ओतून तेही आमटीत जाई. प्रवासाला निघताना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधलेली असे, कारण वाटेवरच्या खानावळीला द्यायला पैसे नसत. त्या फडक्याची आम्हांला कधी लाज वाटली नाही. एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही त्यातली अर्धी दशमी मिळे. काटकसर करणारा आपल्या पानातला घास कमी करतो. दुसऱ्याचा डोळा चुकवून जो घास वाढवतो, त्याच्यासाठी आपल्या भाषेत निराळा शब्द आहे, आणि तो मामलेदारांना ठाऊक असायला हवा होता. जन्मभर त्यांनी तोच शब्द इतरांच्या नावापुढे लिहिला!

मी हे ऐकीव सांगत नाही. मी त्या बोटीवर होते.

२०२४ च्या जून महिन्यात बहिणीने मला फ्लॉरिडाला बोलावून घेतले होते. तीन मराठी कुटुंबे, एकूण अकरा माणसे, मायामीहून निघून मेक्सिकोतल्या कोझुमेलपर्यंत जाऊन परत, अशी पाच रात्रींची सफर होती. माझे तिकीट बहिणीने काढले. एरवी मॅट्रिक झालेल्या मास्तरणीला मायामीच्या धक्क्यावर कोण उभे करणार? तेव्हा खाल्ल्या मिठाला मी जागत नाही, असे कोणी म्हणाले तर ते मी ऐकून घेईन. परंतु ज्या दिवशी मीठ खाल्ले त्याच दिवशी मी बोलले नाही, हा माझा खरा अपराध आहे, आणि त्याची फेड इथे करते आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात कारखाना उघडला. चूळ भरण्याच्या औषधाच्या दोन मोठ्या बाटल्या मोरीत रिकाम्या झाल्या, विसळल्या गेल्या आणि त्यांत व्होडका भरली गेली. वर रंगाचे थेंब पडले. मोठी हसाहशी चालली होती. मग प्रश्न आला की या न्यायच्या कोणाच्या पिशवीतून? आणि एक जण म्हणाला, "लहान मुलाच्या पिशवीकडे कोण बघतो?"

माझा भाचा दहा वर्षांचा आहे. त्याच्या दप्तरवजा पिशवीत पोहण्याची चड्डी, एक गोष्टीचे पुस्तक आणि त्या दोन बाटल्या गेल्या. काय बोलायचे, तेही त्याला पढवले गेले. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या तपासणीत यंत्रातून पिशवी बाहेर आली, तेव्हा तिथल्या माणसाने ती उघडली. एक बाटली उचलून त्याने विचारले, "ही तुझी?" पोराने न अडखळता सांगितले, "हो. माझे दात किडतात." माणूस त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिला, हसला, आणि बाटली परत ठेवली. संध्याकाळी जेवणाच्या मेजावर बापाने मुलाची पाठ थोपटली. "शाबास! वाघ आहे वाघ!" सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जुळवले असावेत.

रात्री आम्ही दोघे वर कठड्याशी उभे होतो. काळ्या पाण्याकडे बघत त्याने विचारले, "मावशी, तो माणूस हसला ना, त्याला कळलं होतं का गं?"

मी म्हणाले, "नाही रे. नाही कळलं."

वीस वर्षे वर्गात उभी राहून मी खरे बोलण्याचे महत्त्व शिकवते आहे. कादंबऱ्यांत खोटी माणसे पुष्कळ रंगवली. स्वतः इतक्या सहज खोटे बोलता येते, हे मला त्या रात्री कळले.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे मांडते, कारण ते सगळेच खोटे नाही आणि मी काही बोटीच्या कंपन्यांचे वकीलपत्र घेतलेले नाही. या कंपन्यांचा धंदा असा, की तिकीट स्वस्त दाखवायचे आणि माणूस एकदा समुद्रावर गेला की त्याचा खिसा बोटीवर मोकळा करायचा. दारू, जुगार, छायाचित्रे, बंदरावरच्या सहली, सगळे निराळे. जगातल्या सर्वांत मोठ्या कार्निव्हल कंपनीच्या २०२३ सालच्या उत्पन्नात सुमारे एक-तृतीयांश वाटा तिकिटाबाहेरच्या अशा कमाईचा होता. बोटीवर झेंडा बहुधा बहामाचा किंवा पनामाचा, कचेरी मायामीत, आणि गल्ला भर समुद्रात! दारूचे ठोक पैसे आगाऊ भरण्याचीही सोय असते. पण मायामीच्या दोन्ही बड्या कंपन्यांचा नियम असा, की खोलीतल्या एका प्रौढाने ही सोय घेतली तर दुसऱ्यानेही घेतलीच पाहिजे. मग तो थेंबभर पिणारा असो. कार्निव्हलची मर्यादा तर दिवसाला पंधरा पेल्यांची आहे. पंधरा! माझे गणित मॅट्रिकपुरतेच आहे, पण दिवसाला सत्तर डॉलर भरले आणि पेला चौदाचा धरला, तर पैसे वसूल व्हायला रोज पाच पेले घशाखाली गेले पाहिजेत, एवढे मलाही कळते. पैसे वसूल करण्यासाठी पिणे, ही दारूच्या इतिहासातली नवीच तऱ्हा म्हणायची.

हे सगळे मान्य. कंपनी लोभी आहे. पण कंपनी लोभी आहे म्हणून मी लबाड होणे, याला आपल्याकडे चोरावर मोर म्हणतात. मोराची पिसे सुंदर असतात म्हणून त्या म्हणीचा अर्थ बदलत नाही.

दुसरे म्हणणे असे, की नियमच जुलमी आहे. स्वतःची वस्तू न्यायची नाही म्हणजे काय? सद्गृहस्थहो, नियम वाचलात का? ज्या पी अँड ओच्या बोटींनी आपले पणजोबा विलायतेला गेले, त्याच नावाची आजची इंग्लिश सहल-कंपनी २०२४ साली प्रत्येक प्रौढाला चढताना एक लिटर दारू उघडपणे नेऊ देत होती. मायामीच्या कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या कंपन्या एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला ७५० मिलिलिटरची वाइनची एक बंद बाटली पहिल्या दिवशी हातातल्या सामानातून नेऊ देतात. ती भोजनगृहात नेऊन उघडलीत तर बूच काढण्याचे निराळे पैसे पडतात, आपल्या खोलीत प्यायलात तर पडत नाहीत. आमच्या अकरांत सात प्रौढ होते. नियमाने सात बाटल्या, म्हणजे पाच लिटरांहून अधिक वाइन, मानेने वर बघत नेता आली असती. ती शिदोरी झाली असती! पण नाही. फडक्यात उघड बांधून नेता येते, तिथे गंमत कसली? वाइन नको, व्होडकाच हवी. आणि तीही मुलाच्या दप्तरातून.

तिसरे म्हणणे इतिहासाचा आधार घेते. बंदी आली की चोरवाट येतेच, म्हणे. खरे आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा न्यूयॉर्कपुढच्या समुद्रात हद्दीबाहेर दारूने भरलेल्या बोटी नांगर टाकून रांगेने उभ्या असत आणि रात्री वेगवान होड्या ती दारू किनाऱ्याला आणत. त्याच काळात, कुठेही न जाता नुसते हद्दीपलीकडे जाऊन पिऊन परत येण्याच्या सफरी निघाल्या. त्या चोरट्यांना रम रनर म्हणत. आज लपवून दारू नेण्यासाठी प्लॅस्टिकच्या ज्या चपट्या पिशव्या बाजारात मिळतात, त्यांतल्या एका प्रकाराला त्यांचेच नाव दिलेले आहे. आपल्याकडेही १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला, तेव्हा मोटारीच्या ट्यूबमधून हातभट्टी फिरली आणि पुष्कळ सभ्य गृहस्थ परवान्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवर आजारी पडले. परंतु तिथे दारूच मिळत नव्हती. इथे दारूचा गुत्ता खोलीपासून वीस पावलांवर आहे, दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत गाणे-बजावणे चालू आहे. अडचण तहानेची नाही, भावाची आहे. भाव पटला नाही तर माणूस बाजारातून हात हलवत परत येतो. वांगी सदऱ्यात घालून आणत नाही.

चौथे म्हणणे, "यात कोणाचे काय गेले?" हे मला सर्वांत भयंकर वाटते, म्हणून त्याचा हिशेबच मांडते. आमच्या बोटीवर मिश्र पेयाचा एक पेला चौदा डॉलरांना होता आणि त्यावर सेवेचे अठरा टक्के. म्हणजे १६ डॉलर ५२ सेंट. वीस पेल्यांचे ३३० डॉलर ४० सेंट. दुकानातल्या दोन बाटल्यांचे चाळीस वजा करा. वाचले २९० डॉलर ४० सेंट. पाहुण्यांचा तीनशेचा आकडा खोटा नव्हता. पण त्यातले ५० डॉलर ४० सेंट हे सेवेच्या नावाने आकारले जाणारे होते. सेवा मात्र आमच्या मंडळींनी फुकट करून घेतली. रोज संध्याकाळी खोलीत बर्फ मागवला, पेले मागवले, लिंबाच्या फोडी मागवल्या.

ते आणून देणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा निघाला. या बोटींवर फिलिपिन्सची, इंडोनेशियाची तशी आपल्या गोव्याची नि कोकणातलीही पोरे असतात. महिनोन् महिने घराचे तोंड पाहत नाहीत. मी त्याच्याशी मालवणीत बोलले तेव्हा त्याचा चेहरा उजळला. चौथ्या दिवशी बर्फाचे भांडे ठेवताना तो हळूच मला म्हणाला, "बाय, बर्फ रोज मागतत, पण दारू कोणच मागनत नाय. आमका काय कळना नाय?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रागच असता तर बरे झाले असते. आपल्या माणसांविषयी वाटते तशी थोडी शरम होती. मला एकदम धक्क्यावरचा तो हसणारा माणूस आठवला. त्यालाही कळले होते. त्याने पोराला सोडले ते पोर म्हणून, किंवा मागे चारशे माणसे खोळंबली होती म्हणून. फसला म्हणून नव्हे. ज्यांना आपण बनवले असे समजून आम्ही टाळ्या वाजवत होतो, ती सगळी माणसे आमच्याकडे पाहून गप्प राहत होती.

आणखी कोणाचे काय गेले, ते ऐका. २०१५ साली कार्निव्हलने प्रवाशांना पाण्याच्या बाटल्या बोटीवर आणायला बंदी केली. का? तर पाण्याच्या बाटलीतून पाण्यासारखी दिसणारी दारू येऊ लागली म्हणून. दहा शहाण्यांनी काटकसर केली, आणि नातवासाठी घरचे पाणी नेणाऱ्या आजीच्या हातातली बाटली काढून घेतली गेली. चोराची शिक्षा नेहमी अशीच भोगली जाते. ती चोराच्या वाट्याला क्वचित येते. ती शेजाऱ्याच्या वाट्याला येते.

आता घरचे बोलते. माझी शाळा सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीपासून फार दूर नाही. गोव्यात दारूवर कर कमी, म्हणून ती स्वस्त. आणि ती परवान्याशिवाय इकडे आणणे हा महाराष्ट्रात गुन्हा. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात, भाजीखाली दडवलेले खोके सापडतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप असाच पकडला गेला. मजुरी करणारा माणूस, कोणाच्या तरी सांगण्यावरून, एका खेपेच्या पैशांसाठी बाटल्या घेऊन निघाला होता. मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. आला तेव्हा मागच्या बाकावर जाऊन बसला. गावात त्याच्या बापाला एकच नाव पडले, तस्कर. त्या नावाने हाक मारणाऱ्यांत, आमच्या ओटीवर मांडीवर थाप मारणारे मामलेदारही होते.

माझा प्रश्न एवढाच आहे. त्या मजुराने भाव चुकवण्यासाठी बाटली लपवली आणि माझ्या बहिणीच्या यजमानांनीही भाव चुकवण्यासाठीच बाटली लपवली. एकाच्या घरात चूल पेटायची होती, दुसऱ्याच्या घरात दोन मोटारी आहेत. मग एक तस्कर आणि दुसरा काटकसरी कसा? एकाच्या मुलाने मान खाली घालून मागच्या बाकावर बसायचे आणि दुसऱ्याच्या मुलाने टाळ्या घ्यायच्या, हा कुठला न्याय? गरिबाने केली तर चोरी आणि आपण केली तर युक्ती, हा कोश आपल्या मध्यमवर्गाने केव्हा छापून घेतला?

कोणी म्हणेल, बाईंना दारूचाच राग आहे. नाही. मी पीत नाही. पण दुसऱ्याच्या पेल्यात डोकावण्याची मला हौस नाही. आमच्या बोटीवर दुसऱ्या गटातले एक वृद्ध जोडपे होते. रोज रात्री भोजनगृहात आपली स्वतःची, नियमाने आणलेली वाइनची बाटली मेजावर ठेवी, वाढप्याला बूच काढण्याचे पैसे देई, बोटभर घेई आणि उरलेली सांभाळून ठेवायला सांगे. कोझुमेलला उतरल्यावर बंदरावरच्या दुकानात बोटीपेक्षा कमी भावात ज्याला जे प्यायचे ते पिता येत होते. तिथे विकत घेतलेली बाटली बोटीवाले शेवटच्या दिवसापर्यंत ठेवून घेतात आणि मग परत करतात. तोही उघड व्यवहार. बोटीवर साधे पाणी, चहा, कॉफी फुकट होती. पैसे वाचवायचे तर एवढ्या वाटा उघड्या आहेत. आणि सर्वांत जुनी वाट आपल्या आयांनी दाखवलेली आहेच. परवडत नाही, तर नको! हे दोन शब्द उच्चारायला एके काळी आपल्याला लाज वाटत नसे. आज परवडत असूनही आपण चोरतो आणि चोरून झाल्यावर परवडत नव्हते असे सांगतो.

ओटीवर मी हे सारे बोलले नाही. सणाचा दिवस होता, बहिणीचा संसार होता, जावयाचा मान होता. आपल्याकडे अनेक खोट्या गोष्टी अशाच जावयाच्या मानाखाली सुखाने राहतात. पाहुणे गेले. तीनशे डॉलरही केव्हाच गेले असतील. परतीच्या आदल्या रात्री त्याच बोटीवरच्या जुगाराच्या यंत्रांपुढे आमची मंडळी दोन तास बसली होती, हे मी पाहिले आहे. उरले आहे ते एकच. दहा वर्षांच्या एका मुलाने एक प्रश्न विचारला आणि त्याला चुकीचे उत्तर मिळाले. शाळेत मी चुकीचे उत्तर फळ्यावर राहू देत नाही.

यंदा फ्लॉरिडाला फराळ पाठवला. कुरिअरच्या कचेरीत खोक्यावर आत काय आहे ते लिहावे लागते. मी एकेक करून लिहिले: चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. शेवटी लिहिले, एक पत्र. भाच्याला मराठी वाचता येत नाही. बहिणीला वाचून दाखवावे लागेल, आणि ते तिने मोठ्याने, सर्वांदेखत वाचावे, अशीच माझी इच्छा आहे. पत्र तीन ओळींचे आहे.

"बाळा, तू मला बोटीवर विचारलं होतंस. त्या माणसाला कळलं होतं. तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले. मला माफ कर."